पोट साफ, तर सगळं माफ

सर्वांत आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या: पोट साफ करायचं औषध हे औषध नसतं. बीपीची गोळी औषध, शुगरची गोळी औषध, खोकल्याच्या सिरपलाही फार तर औषध म्हणू. पण मिल्क ऑफ मॅग्नेशियाची ती पांढरी, दाट बाटली? तिला चिठ्ठी लागत नाही, दुकानदार काही विचारत नाही, शेजारच्या काकू वर्षानुवर्षं घेतायत आणि ठणठणीत आहेत. म्हणून डॉक्टरांनी "आणखी काही चालू आहे का?" असं विचारलं, की चेहऱ्यावरची रेषही न हलवता "काही नाही" म्हणायचं. माझ्या आत्याने गेल्या महिन्यात हे उत्तर इतक्या सफाईने दिलं, की रुग्णालयात भेटेल त्या डॉक्टरने ते कागदावर उतरवून घेतलं.

बाटली कुठे ठेवावी, यालाही शास्त्र आहे. औषधांच्या डब्यात मुळीच नाही. माझ्या भावाने अमेरिकेहून आणलेला, सोम-मंगळ-बुध अशा खणांचा डबा खऱ्या औषधांसाठी. बाटलीची जागा बाथरूममधल्या फळीवर, टूथपेस्ट आणि खोबरेल तेलाच्या मधोमध. मापाचं टोपण पहिल्याच आठवड्यात हरवलेलं असावं. उरलंच असेल तर आतल्या रेघांवर पांढरा थर वाळून त्या दिसेनाशा झालेल्या असाव्यात. माप म्हणजे घोट. घोट किती, ते आदल्या सकाळी "झालं का?" या प्रश्नाला काय उत्तर आलं त्यावर. बाटली आधी हलवा, वर ग्लासभर पाणी प्या, आठवडाभरापेक्षा जास्त घेऊ नका, असा काहीबाही मजकूर लेबलवर असतो. तो बारीक अक्षरात आहे, अर्थात तुमच्यासाठी नाही.

आता वेळ. उपाशीपोटी घ्यायचं ते सगळं एकदमच उरकावं. पहाटे साडेपाचला थायरॉइडची गोळी, पाठोपाठ मॅग्नेशियाचे घोट, मग कॅल्शियमची गोळी (सांगितलीय जेवणानंतर, पण नंतर विसरायला होतं), आणि या सगळ्यावर चहा. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्या थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात पुरेशी जाऊ देत नाहीत. बिघडलं कुठे? टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय हे सांगणारा रक्तातला आकडा, वाढतो. डॉक्टर ५० चे ७५ मायक्रोग्रॅम करतात, मग ७५ चे १००. इकडे थायरॉइड कमी पडल्यामुळे आतडी मंदावतात आणि कोठा आणखी जड होतो. कोठा जड झाला की घोट वाढवावेत. घोट वाढले की गोळी आणखी कमी लागू पडते. या चक्रावर लॅबवाल्याचं चालतं, गोळीवाल्याचं चालतं, बाटलीवाल्याचंही चालतं. थायरॉइडची गोळी आणि बाकीच्यांत चार तासांचं अंतर ठेवलं तर हे चक्र तिथेच थांबेल. पण एवढ्या लोकांच्या पोटावर पाय कोण देणार?

अँटिबायोटिक चालू असेल तर तेही त्याच घोटाबरोबर ढकलावं. सिप्रोफ्लॉक्सासिन मॅग्नेशियाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेतलं तर उगाच लागू पडेल. मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत आल्यावर लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात, तिचीही अशीच वासलात लावता येते. जंतू वाचलेच, तर "हल्लीच्या गोळ्यांत दम राहिला नाही" हे वाक्य आपल्याकडे तयार आहे.

हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्यांनी जुलाब दणकून होतील असं पाहावं. पोटॅशियम उतरलं की तीच नेहमीची गोळी अंगावर उलटते.

मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी जुलाबानंतर पाणी पिऊ नये. रक्तातलं लिथियम आपोआप धोक्याच्या पातळीला चढेल.

बाटलीत मॅग्नेशियाच्या जोडीला लिक्विड पॅराफिन असेल, आणि आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांत असतं, तर ती रात्री आडवं पडल्या पडल्या तोंडाला लावावी. तेवढंच तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरायला सोपं जातं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडीही त्याच सुमारास दुधातून घ्यावी, म्हणजे त्यातलं थोडंफार पॅराफिनबरोबर सकाळी परस्पर निघून जाईल.

ज्यांना घोटाघोटाने समाधान नाही त्यांच्यासाठी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचंच एक मीठ. हे सध्या गच्चीवरच्या गुलाबांना घालतात, टाचा दुखल्या की कोमट पाण्यात घालतात, आणि फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या त्या मेसेजप्रमाणे पितातही. मेसेज तुम्हाला पाठ असेलच: काही दिवस सफरचंदाचा रस, मग संध्याकाळी एप्सम सॉल्ट, झोपताना ऑलिव्ह तेलात लिंबू, आणि सकाळी पित्ताशयातले हिरवे खडे बाहेर. खडे बाहेर येतात खरे. फक्त ते पित्ताशयातले नसतात, आदल्या रात्रीच्या तेलालिंबाचे साबणासारखे गोळे असतात. आत्या घरी आली त्याच संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधले एक काका हे मीठ घेऊन हजर झाले. पाकिटावर कुंडीचं चित्र. "हे नैसर्गिक आहे," म्हणाले. बरोबर आहे काका, साप पण नैसर्गिकच असतो.

पण सगळ्यांत महत्त्वाची सूचना बीपीवाल्यांसाठी आहे, आणि ती जरा सावकाश सांगावी लागेल.

हल्ली बीपीच्या एका गोळीत पुष्कळदा दोन औषधं असतात. एक टेल्मिसार्टनसारखं आणि दुसरं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोनसारखं, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं. मॅग्नेशियाचं काम काय? शरीरातलं पाणी आतड्यात ओढून आणणं. त्यानेच तर पोट साफ होतं, दुसरी जादू त्यात नाही. म्हणजे पाणी इकडूनही चाललं आणि तिकडूनही चाललं. त्यात गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून कात्रीने कापून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या चार गोळ्या. ही वेदनाशामकं किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, टेल्मिसार्टन किडनीतला गाळणीचा दाब कमी करतं, आणि गाळायला आतमध्ये पाणीच उरलेलं नसतं. तीनही गोष्टी एकाच आठवड्यात जमवून आणायला योग लागतो. आत्याच्या बाबतीत तो योग एकादशीने आणला.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी. पाणी बेताचं, कारण सारखं बाथरूमला जावं लागतं. द्वादशीला कोठा बंद. त्रयोदशीला पहाटे घोट, दहा वाजता काही नाही म्हणून पुन्हा घोट, दुपारी काकूंनी फोनवर धीर दिला म्हणून आणखी घोट. (मॅग्नेशियाला अर्धा तास लागू शकतो तसे सहा तासही लागू शकतात. तेवढं थांबायचं कोणी?) मग जे सुरू झालं ते रात्रभर. आणि तरी चतुर्दशीच्या सकाळी बीपीची गोळी न चुकता घेतली, कारण बीपीची गोळी चुकवायची नसते!

बाथरूमच्या उंबऱ्याशी ती खाली बसली ती उठेनाच. पायांत त्राण नाही, डोळे मिटताहेत, हाक मारली तर अर्धंच उत्तर. कॅज्युअल्टीत बीपी खाली. सोडियम खाली, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा) वर. बाई पंच्याहत्तरीच्या, पाय लुळे, गुंगीत. डॉक्टरांना मेंदूची शंका आली ती रास्तच होती. मेंदूचा सीटी स्कॅन झाला, हृदयाची पट्टी निघाली, हृदयाची सोनोग्राफी झाली. ज्याला ज्याला विचारायचं सुचलं त्याने विचारलं, की घरी आणखी काही घेत होत्या का? गुंगीतून तेवढ्यापुरती जाग येऊन आत्या म्हणायची, "काही नाही."

रक्तातलं मॅग्नेशियम काही दर वेळी तपासत नाहीत. तपासायला कारण लागतं. ते कारण बाथरूमच्या फळीवर होतं आणि मला ते दिसलं तिचा टूथब्रश आणायला घरी गेल्यावर. तळाला बोटभर उरलेली बाटली आणि तिच्या मागे दुसरी, रिकामी. पिशवीत घालून आणली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने बाटली फिरवून लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत्याला विचारलं, "आजी, हे कधीपासून?" आत्या म्हणाली, "अहो, ते औषध नाही. ते पोटाचं आहे."

मॅग्नेशियम वाढलेलं निघालं. निघणारच. आतड्यातून जे थोडं रक्तात शिरतं ते बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि किडनीने तर मान टाकलेली. ते साठत गेलं की गुंगी येते, स्नायू ढिले पडतात, बीपी उतरतं, नाडी मंदावते. आणखी साठलं तर श्वास आणि हृदय. आत्याचं तिथपर्यंत गेलं नाही. सलाइनने लघवी सुटली, डायलिसिस टळलं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याच कुळातल्या एका रेचकाबद्दल, सोडियम फॉस्फेटबद्दल, जाहीर इशारा दिला होता. चोवीस तासांत एकापेक्षा जास्त मात्रा घेऊ नका. वय ५५ च्या वर असेल, शरीरात पाणी कमी असेल, किडनीचा आजार असेल तर आधी विचारा. आणि कोणती औषधं चालू असतील तर जपा? लघवी वाढवणारी, टेल्मिसार्टनच्या वर्गातली आणि तिच्या चुलतभावंडांची, म्हणजे एनालाप्रिल वगैरे, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं. ही यादी माझ्या आत्याच्या सोम-मंगळ-बुधच्या डब्यात बघून केल्यासारखी आहे. आपल्या देशातल्या साठीपुढच्या निम्म्या घरांत हाच डबा असेल. पण आपल्याला काय त्याचं? आपला कोठा साफ झाला पाहिजे. किडनी गेली तरी चालेल, कोठा साफ पाहिजे. सकाळी सहाला पाहिजे, चहाच्या आधी पाहिजे, आणि एक दिवस चुकला तर घरात सुतक पडल्यासारखे चेहरे पाहिजेत!

केमिस्टदादा, तुमच्या दुकानाच्या भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. त्यातला माणूस दुकानात कधी असतो? एका म्हाताऱ्या बाईला बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी, डायक्लोफिनॅक आणि मॅग्नेशियाची मोठी बाटली तुम्ही एकाच कागदी पिशवीत घालून दिलीत. एक वाक्य बोलायला काय पैसे पडत होते? "आजी, किडनी बरी आहे ना?" एवढं विचारलं असतंत तरी ती घरी जाऊन मुलाला म्हणाली असती, की दुकानदार असं का विचारत होता रे.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच, ज्यांनी आत्ता मनात म्हटलं की आमच्या घरी असलं काही होत नाही. आधी बाथरूमच्या फळीवर बघून या. आईला विचारा, ती काय घेते. गोळ्या कोणत्या म्हणून नाही, घेतेस काय काय म्हणून विचारा. चूर्ण, पुड्या, घोट, फक्की, सगळं. सगळं एका पिशवीत घाला आणि पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ओता. लाजायचं काय त्यात? क्रिएटिनिन किती आहे ते माहीत नसेल तर मॅग्नेशियाला हात लावायचा नाही. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक चमचासुद्धा नाही. बाकीच्या गोळ्यांत आणि त्यात निदान दोन तासांचं अंतर, थायरॉइडला चार, सिप्रोला वर सांगितलं तसं. जुलाब फार झाले तर त्या दिवशी बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे फोन करून विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही.

आणि कोठा मुळात जड का होतोय, ते कोण विचारणार? कॅल्शियमने होतो, लोहाच्या गोळीने होतो, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींना होतो, दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलने तर होतोच. एका गोळीने बंद करायचं आणि दुसऱ्या बाटलीने उघडायचं, असं वर्षानुवर्षं चाललंय. डॉक्टरांना सांगितलंत तर ते गोळी बदलून देतील, वेळ बदलतील, तुमच्या औषधांशी जमेल असं दुसरं काही सुचवतील. पण सांगाल तेव्हा ना!

शेवटचं. पोट दुखतंय, उलट्या होतायत, ताप आहे, पोट फुगून वाराही सरत नाही, तर कुठलाच घोट घ्यायचा नाही. मॅग्नेशिया नाही, एरंडेल नाही, काकूंचं चूर्ण नाही. अपेंडिक्स असलं तर फुटू शकतं, आतड्याला पीळ असला तर जीव जाऊ शकतो. रात्रीचे बारा वाजले असले तरी रिक्षा बोलवा आणि निघा. "एकदा पोट साफ होऊ दे, मग बघू" असं म्हणत बसू नका.