दहावरच राहायचं की अकरा घालायचं?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला रामराम ठोकला. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जाणकार मला विचारतो, "अजून दहावरच?" जणू मी दहावी नापास आहे. देवगड-मालवणकडच्या बऱ्याच झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्मवाल्यांची हीच गत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. सुरक्षेची भोकं बुजवणं तेवढं थांबतं. पण ते 'तेवढं' किती मोठं असतं हे २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दाखवलं. त्यावरचा उपाय मार्चमध्येच अपडेटमधून आला होता. ज्यांनी ते अपडेट घातलं नव्हतं, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले गेले. जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, तरी त्या वेळी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीसुद्धा घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. दर वेळी ते अशी दया दाखवतील, या भरवशावर दुकान चालवता येत नाही.

तरीही सरसकट "विंडोज ११ घाला" हा सल्ला मला पटत नाही. माझ्याकडे दोन मशीन आहेत आणि दोघांचं काम वेगळं. काउंटरवरच्या मशीनमधून अख्ख्या गावाचं आधार, पॅन, सातबारा, बँकेचं पासबुक जातं. म्हाताऱ्या आजी ओटीपी आलेला मोबाइलच माझ्या हातात देतात. ही दुसऱ्यांची ठेव आहे. इथे 'माझं चालतंय ना' म्हणायचा मला अधिकार नाही.

आतल्या मशीनवर लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, जत्रेची आणि दशावताराची पोस्टरं होतात. सगळं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. फॉन्टचं सॉफ्टवेअर डाँगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं आणि लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर मिळेल तिथून मिळवलेला. अकरावर हे सगळं उठून चालेल असं छातीठोक सांगणारा अजून भेटला नाही. त्या मशीनची नेटची वायर मी काढूनच टाकली. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी काउंटरवर स्कॅन होतो, मग माझ्या पेनड्राइव्हवरून फाइल आत जाते. हे मशीन दहावरच राहील, चालेल तोवर.

आता राग कशाचा, तर अटींचा. काउंटरचं मशीन सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचं. एसएसडी घातली, रॅम वाढवली, पळतंय मस्त. पण अकराला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय). भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला, "मामा, भंगारात काढा आणि नवीन घ्या." म्हटलं, "अरे, तुझा काय जाता सांगूक!" चाळीस हजाराचा विषय आहे. आणि इथली खारी हवा नव्याला सोडते थोडीच! आमच्याकडे कॉम्प्युटर चालू झाला नाही की आधी कॅबिनेट उघडायचं, रॅम काढायची आणि तिच्या पिवळ्या पट्टीवरची काळपट साय खोडरबराने घासायची. घासून परत बसवली की बीप वाजतो आणि गाडी चालू.

मशीन बाद ठरवण्याआधी एक मात्र करा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा, मशीन अकराला चालेल का ते कळतं. टीपीएम नाही असं आलं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) शिरून बघा. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम, आणि कित्येकदा नुसतं बंद ठेवलेलं असतं. मशीन आठव्या पिढीचं किंवा नंतरचं असेल तर एवढ्यावरही काम होऊन जातं. जुगाड करून अपात्र मशीनवर अकरा घालून देणारेही आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा खटाटोप करतोय तो अपडेटसाठीच ना?

मग मी काय केलं? काउंटरचं मशीन विंडोज १० साठीच्या मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षेच्या योजनेत (ईएसयू) घातलं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट येत राहतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. खातं सक्तीचं, हे मला आवडलेलं नाही. पण चाळीस हजारापुढे ते गिळलं.

लिनक्सवाल्यांनो, रागावू नका. विंडोजऐवजी फुकट घालता येणारं लिनक्सचं मिंट मलाही आवडतं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी झकास टाइप होतं. पण माझ्या अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच दिलेलं आहे. काउंटरवरून निवृत्त झालं की हेच मशीन मिंट घालून घरी मुलीला देणार.

नवीन घेणार ते आंबा उरकल्यावर. एप्रिल-मेमध्ये बागायतदार लेबलांसाठी दारात उभे असताना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि गणपतीच्या आधी तर नाहीच. मधल्या पावसात गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा नवं-जुनं शेजारी ठेवून चालवीन. प्रिंटर, स्कॅनर, अंगठा, डिजिटल सहीचं टोकन, एकेक लावून बघीन. फक्त त्याआधी यूपीएसची बॅटरी बदलायला हवी. सध्या लाइट गेली की ती फाइल सेव्ह करण्यापुरतीही थांबत नाही.