सीव्ही नंतर, आधी नोकरी तर बघा

निकालांचे दिवस आले की सोसायटीतली, नात्यातली, मैत्रिणींची मुलं मला सीव्ही पाठवायला लागतात. ‘मावशी, जरा बघ ना, कुठे लागतंय का.’ फाईलचं नाव ‘न्यू फायनल सीव्ही ३’. मी बेलापूरला एका शिपिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, टीममध्ये नवीन मुलं घेताना मुलाखतींनाही बसते, त्यामुळे हे ओघानंच येतं. माझा एकच प्रश्न असतो : कुठल्या नोकरीसाठी?

‘कुठलीही चालेल.’

घरच्यांना या उत्तराचं फार कौतुक. पोरगं समजूतदार आहे, नखरे नाहीत. मला मात्र यात नुसता कंटाळा दिसतो. आपल्याकडे वागळे इस्टेटच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळणारा, ऐरोली-महापेला रात्रपाळीत हेडफोन लावून परदेशातल्या गिऱ्हाइकाची कटकट ऐकणारा, न्हावाशेवा बंदराच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवायच्या यार्डात, भर उन्हात कंटेनरचं सील तपासणारा आणि वाशी-बेलापूरच्या एसीत बसून त्याच कंटेनरचे कागद जुळवणारा, हे चौघंही बीकॉम असू शकतात. दिवस मात्र चौघांचे चार तऱ्हेचे. ज्याला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही त्याला आमच्याकडे बिल ऑफ लेडिंगवरचा (जहाजाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवरचा) एकेक आकडा तपासायला बसवला, तर तो आणि आम्ही, दोघंही महिन्याभरात हैराण. नोकरी ‘चांगली’ आहे का हे विचारू नका, तिथे सकाळी दहा ते संध्याकाळी सात नेमकं काय करायचं असतं ते विचारा. तिथे काम करणारा एखादा ओळखीचा गाठून चहा पाजलात तरी कळतं.

प्रवासाचंही तेच. बदलापूरहून महापेला रोज जायचं म्हणजे ठाण्याला गाडी बदलणं आलं, पुढे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग आली. हे पगाराच्या आकड्यात दिसत नाही. उलट जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत गेली आणि त्या बाजूच्या नोकऱ्या, ज्यांचा आधी कोणी विचारही करत नसे, आता नेरूळ-बेलापूरच्या मुलांच्या आवाक्यात आल्या. नकाशा उघडून बसा जरा.

आणि पगार. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार हातात, असं धरून लोक बाईकचा हप्ता बांधून घेतात! बेसिक, म्हणजे मूळ पगार, त्याच्या निम्मं, म्हणजे साडेबारा हजार धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सहाशेच्या आसपास हे त्या २५ हजारांतच मोजलेले असतात. उरलेल्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि, मुलगा असाल तर, प्रोफेशनल टॅक्स २०० कापला जातो. हातात येतात २१ हजारांच्या थोडे वर. पीएफ तुमचाच आहे, बुडत नाही, पण हप्ता त्यातून जात नाही. ऑफर आली की ‘इनहँड किती?’ हे विचारायला लाजू नका.

आता सीव्ही. परवा एका मुलाचा आला. वर ‘चॅलेंजिंग ऑर्गनायझेशनमध्ये काम करून स्वतःचा व कंपनीचा विकास साधणे’ (हे वाक्य पाठ आहे मला), मग हार्डवर्किंग, टीम प्लेअर, छंद गाणी ऐकणे, आणि अनुभवापुढे ‘फ्रेशर’. सहज बोलता बोलता कळलं, कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत हा वाशीच्या फळ मार्केटला मामाच्या गाळ्यावर असायचा. म्हटलं, तिथे काय करायचास? ‘काही नाही गं, पेट्या मोजायचो.’ खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं : हापूसच्या सीझनमध्ये पहाटे गाडी लागली की चलनाप्रमाणे, म्हणजे मालासोबतच्या कागदाप्रमाणे, पेट्या आल्या का बघायच्या, कमी भरल्या तर ड्रायव्हरसमोर लिहून घ्यायचं, आणि विक्री झाली की भाडं, हमाली वजा करून बागायतदाराची पट्टी, म्हणजे हिशोबाचा कागद, बनवायची.

अरे, आमच्या ऑफिसात दुसरं काय करतात? माल, कागद आणि आकडा जुळवणं!

वरचं ते वाक्य काढून टाकायला लावलं आणि त्या जागी लिहून घेतलं : ‘फळ मार्केट, वाशी. आवक मालाची चलनाशी पडताळणी, तुटीची नोंद, विक्रीनंतर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या तयार करणे.’ त्याला हे मामाचं काम म्हणून सांगायची लाज वाटत होती. मला त्याच्या फर्स्ट क्लासपेक्षा हेच वाचून त्याला बोलवावंसं वाटलं असतं. हाच मुलगा रिटेल दुकानात अर्ज करेल तेव्हा गिऱ्हाइकाशी भाव कसा बोलायचा ते वर घ्यायचं. खोटं काही नाही, फक्त समोरच्याला लागणारं आधी.

बाकी किरकोळ. दोन रकाने आणि रंगीत पट्ट्यांची डिझाईन नकोत, मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि अशा मांडणीत ते गडबडतं. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, आधार नंबर यांतलं काहीच लागत नाही. अप्रेंटिसशिप केली असेल तर तो अनुभवच, शिक्षणाच्या खाली कोपऱ्यात दडवू नका. ‘एक्सेल येतं’ लिहिलंत तर मी त्यातलं व्हीलुकअपचं सूत्र विचारणार.

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून ‘डायरेक्ट भरती’चे मेसेज तर विचारू नका. तिथली बरीचशी कामं ग्राउंड हँडलिंग, कार्गो, सिक्युरिटी अशा वेगवेगळ्या एजन्सींकडे असतात, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइट असतात. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्म डिपॉझिट असं काही मागितलं की तिथेच ब्लॉक करायचं. पगार देणारा आधी तुमच्याकडून पैसे घेत नाही.

तर मंडळी, सीव्ही खुशाल पाठवा, बघते मी. पण सोबत ज्या नोकरीसाठी आहे तिची जाहिरातही पाठवा. नुसता सीव्ही आला तर मी परत तोच प्रश्न विचारणार आहे.