आवोरियाच्या सहलीला दोन तारे: आमचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या चौघांच्या मार्चमधल्या शनिवारच्या स्कीइंग सहलीबद्दलचा अभिप्राय नीट वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्हाला फ्रान्समधलं त्र्वा व्हाले हे मोठं स्की-क्षेत्र हवं होतं, आम्ही आवोरिया ज्यात येतं त्या पोर्त द्यू सोलेयला नेलं. पास सगळ्या सहाशे किलोमीटरचा घेतला आणि फिरवलं एका कोपऱ्यात. योजना आदल्या संध्याकाळी बदलली. जेवायला वेळ दिला नाही. दुपारी सव्वातीनला शावानेतच्या भिंतीवर, म्हणजे सीमेवरच्या त्या अतिशय तीव्र उतारावर, पुन्हा उतरू दिलं नाही. आणि मी स्वतः सोबत न येता गाइडचे पैसे वेगळे लावले. शेवटचं वाक्य तुमचंच: 'आम्ही एक्स्पर्ट आहोत, आम्हाला नवशिक्यांसारखं वागवलं.'

तुमच्या स्कीइंगबद्दल मला शंका नव्हती आणि नाही. गुलमर्गला अफरवटवरून दुसऱ्या टप्प्याच्या गोंडोल्यानंतरचा बर्फ उतरणाऱ्यांना मी नवशिके म्हणणार नाही. उलट तुम्ही पट्टीचे आहात म्हणूनच दिवस तसा आखला होता. नवशिक्यांना मी खुशाल सगळं पोर्त द्यू सोलेय फिरवते.

सहाशे किलोमीटर हा आकडा माहितीपत्रकावर छान दिसतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधली बाराएक गावं लिफ्टने एकमेकांना जोडून तो तयार होतो. आता ज्या वाटांनी ही गावं जोडली आहेत त्या कोणत्या, ते बघा. जोडवाट सगळ्यांना पार करता आली पाहिजे, म्हणून ती निळी (सोपी) किंवा फार तर लाल (मध्यम) असते. तुम्हाला हवी होती ती फेरी अशी जाते: आवोरियाहून सीमा ओलांडून ले क्रोझे, तिथून शाँपुसँ, मग मोर्जँ, शातेल, आणि लँदारेवरून परत आवोरिया. मोर्जँला बूट घालून, स्की खांद्यावर टाकून गावाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जावं लागतं. गाव जेमतेम १३५० मीटरवर आहे, मार्चच्या दुपारी तिथला बर्फ काय अवस्थेत असतो ते सांगायला नको. तुमच्या वेगाने प्रत्येक उतार चार-पाच मिनिटांत संपतो आणि पुढची खुर्ची-लिफ्ट त्याहून जास्त वेळ घेते. एका दिवसात अष्टविनायक उरकणाऱ्या बसमधून देवळांपेक्षा हायवेच जास्त दिसतो, तसंच हे. फेरी पूर्ण होते, फोनवरच्या ॲपमध्ये मोठा आकडा येतो, पण एक तरी उतार पाय थरथरायला लावेल का? फक्त शावानेत, तोही वाटेत पडतो म्हणून.

ले जे आणि मोर्झिनची बाजू का दाखवली नाही, असंही तुम्ही विचारलंय. ती आवोरियाला स्कीवरून जोडलेलीच नाही. मोर्झिन गाव मध्ये येतं, ते ओलांडूनच पलीकडे जावं लागतं. एका दिवसात मी ते कुणालाच सुचवत नाही.

मग दिवस कसा आखला होता? अभिप्रायात याचा उल्लेखच नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवार हा आल्प्समध्ये पाहुणे बदलण्याचा दिवस. आठवडाभर राहिलेले निघतात, नवे येतात. त्यामुळे रस्ते तुंबतात आणि डोंगर मोकळे होतात. एका दिवसासाठी येणाऱ्याला हे फार सोयीचं, फक्त रस्ता लहान हवा आणि निघायचं लवकर. जिनिव्हाहून पहाटे सहाला निघून क्लूझ, तानँज मार्गे आवोरियाच्या पायथ्याशी असलेल्या प्रोदँच्या वाहनतळावर आठच्या आत पोहोचता येतं. त्र्वा व्हालेला त्याच शनिवारी आल्बेर्व्हिल ते मूतिए हा पट्टा पार करावा लागला असता. तारांतेज खोऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या रिसॉर्टची गर्दी त्या एका रस्त्याने जाते. सकाळी अडकला नाहीत तर संध्याकाळी अडकाल. हे मी नोंदणीच्या वेळी लिहून दिलं होतं आणि तुम्ही 'चालेल' म्हणून उत्तर दिलं होतं.

सकाळी नऊ ते साडेदहा तुम्ही आवोरियाच्या वरच्या ओ फोर शिखराच्या बाजूला होतात, कारण ती सावलीची बाजू आहे. मार्चमध्येही तिथला बर्फ सकाळी थंड आणि कोरडा राहतो. तिथल्या काळ्या (सगळ्यात कठीण) पिस्त, म्हणजे आखलेल्या उतारवाटा, रानातून थेट प्रोदँपर्यंत उतरतात, एका दमात हजार मीटरच्या आसपास. त्यानंतर अकराला शावानेत. अकरालाच का, पहिल्या लिफ्टला का नाही? ती भिंत फ्रान्सकडून स्वित्झर्लंडकडे, म्हणजे पूर्वेला उतरते. साधारण एक किलोमीटर लांब, ३३० मीटर खोल, आणि वरपासून खालपर्यंत मोगलच मोगल, म्हणजे बर्फाचे उंचवटे. रात्रभर ते गोठून दगड होतात. सकाळचं ऊन त्यांना मऊ करतं आणि अकराच्या सुमारास स्कीच्या कडा बर्फात धरायला लागतात. त्याच भिंतीवर सकाळी नऊला उतरलेला माणूस दोन तारे नाही, एकच देतो.

साडेबारा ते दोन या वेळात फ्रेंच माणूस जेवायला बसतो. ही गोष्ट नकाशावर छापलेली नाही, पण दिवसातला सगळ्यात मौल्यवान वेळ हाच. खुर्च्या रिकाम्या जातात. म्हणून तुम्हाला अकराच्या आधी खाऊन घ्यायला सांगितलं होतं आणि दुपारी पिशवीतल्या सँडविचवर भागवलं. चीजचा फोंड्यू खायचा असेल तर त्यासाठी संध्याकाळ आहे, जिनिव्हात दर दोन चौकांत एक मिळतो.

आता सव्वातीनची गोष्ट, ज्यावरून तुमचा राग सगळ्यात जास्त दिसतो. तुम्ही लिहिलंय की भिंत रिकामी होती, लिफ्ट चालू होती, तरी गाइडने नाही म्हटलं. तिन्ही गोष्टी खऱ्या. अभिप्रायात एक बाब राहून गेली. सकाळच्या उतरणीत तुमच्यातल्या एकाची डावी स्की वरच्या भागातच सुटली आणि भिंतीच्या निम्म्यापर्यंत एकटी घसरत गेली. गाइडने ती आणली, स्कीच्या मालकाला एका पायावर मोगलांतून आडवं आडवं खाली घेतलं. त्यात बराच वेळ गेला. अकराला तो वेळ होता. सव्वातीनला सूर्य डोंगरामागे गेलेला असतो, मऊ झालेले मोगल पुन्हा कडक होऊ लागतात, पाय दमलेले असतात. अशा वेळी पुन्हा तेच झालं असतं तर खालची शावानेतची खुर्ची बंद झाली असती. सीमेपलीकडून परत यायला खरे दरवाजे दोनच, शावानेत आणि ले क्रोझेवरून मोसेत. दोन्ही कड्यावर आहेत, वारा वाढला तर वेळेआधीच थांबतात. ते मिटले की शाँपेरीहून टॅक्सीने खाली त्र्वातोराँ गावापर्यंत उतरायचं, मोर्जँच्या खिंडीवरून फ्रान्समध्ये शिरायचं आणि डोंगराला वळसा घालून प्रोदँला पोहोचायचं. दोन देश आणि रात्रीचा रस्ता. तुमची गाडी प्रोदँला उभी होती, हे गाइडच्या लक्षात होतं.

तुम्ही हौशीने मागितलेली ती दुसरी उतरणी मला समजते. पण जोडलेल्या मोठ्या क्षेत्रात दिवस शेवटच्या लिफ्टपासून उलटा मोजत आखावा लागतो, आणि तो हिशेब वर उभ्या असलेल्या माणसाने करायचा असतो. मी जिनिव्हात बसून गाइडचा निर्णय बदलत नाही. बदलणारही नाही.

योजना आदल्या संध्याकाळी बदलली, कारण हिमस्खलनाचं पत्रक संध्याकाळीच येतं. आवोरिया ज्यात येतं त्या शाब्ले भागासाठी फ्रान्सचं हवामान खातं दुपारी चारच्या सुमारास ते देतं, स्वित्झर्लंडच्या बाजूसाठी दाव्होसची हिमस्खलन संस्था पाचला, आणि सकाळी आठला पुन्हा एकदा. तुमच्या सहलीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडे धोका पाचपैकी तीन होता. मूळ योजनेत सकाळचा एक भाग पिस्तबाहेरचा होता, तो मी काढला आणि आवोरियाच्या स्नोक्रॉसच्या वाटा घातल्या. त्या खुणा केलेल्या आणि हिमस्खलनापासून सुरक्षित केलेल्या असतात, फक्त यंत्राने सपाट केलेल्या नसतात. तुम्ही लिहिलंय, 'तीन म्हणजे मध्यमच की.' पाचातला मधला आकडा म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात त्या मोजपट्टीवर मध्यम हे नाव दोनला आहे, तीनला 'लक्षणीय' म्हणतात, आणि प्रत्येक पायरीला धोका सरळ रेषेत वाढत नाही, उडी मारतो. तीनच्या दिवशी माणसं बाहेर पडतात म्हणून अपघातही याच पायरीवर खूप होतात. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) तरीही पाठीवर ठेवायला लावलं, त्याचं भाडं तुम्हाला खटकलं. ते भाडं मी कमी करणार नाही.

गाइडचे पैसे. फ्रान्समध्ये पैसे घेऊन लोकांना स्कीवर पुढे नेण्यासाठी सरकारमान्य पदविका लागते, मॉनिटरची किंवा पर्वत-गाइडची. माझ्याकडे ती नाही. मी मार्ग आखते, गाडी, पास आणि विमा बघते, आणि परवानाधारक माणूस शोधून देते. कुणी जिनिव्हातला 'ओळखीचा मुलगा' स्वस्तात पुढे राहून फिरवतो म्हणाला तर त्याच्याकडे परवाना मागा. अपघात झाला तर विमा कंपनी तेच विचारते.

पासाच्या फरकाचे पैसे परत मागितलेत. फक्त आवोरियाचा पास स्वस्त असतो हे खरं, पण सीमा ओलांडून शावानेत उतरायचं तर पूर्ण क्षेत्राचाच लागतो. तुम्ही उतरलात. त्यामुळे परतावा देता येणार नाही. सोबत घेतलेला कारे नेजचा विमा तुम्हाला वायफळ वाटला. फ्रान्समध्ये पिस्तवरून उचलून आणायलाही बिल येतं, एवढंच सांगते.

त्र्वा व्हालेची तुमची इच्छा मात्र रास्त आहे आणि तुमच्या तोडीच्या लोकांनी ते करायलाच हवं. तिथेही सहाशे किलोमीटरच्या मागे लागू नका. गाडी मेरिबेलपर्यंत चढवायची गरज नाही. खाली ब्रीद-ले-बँला लावा, तिथून १९९२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला ओलँप गोंडोला थेट मेरिबेलला नेतो. सकाळी कूर्शवेलच्या बाजूला सोलिर, २७३८ मीटर, आणि तिथली अरुंद घळ ग्राँ कुलुआर, बर्फ बरा असेल तरच. वाल तोराँसच्या वरचं सीम कारोन, ३२०० मीटर, त्याच दिवशी ठेवू नका. ते वेगळ्या दिवसाचं काम आहे, आणि त्यासाठी मोरिएन खोऱ्यातल्या ओरेलच्या बाजूने शिरणं मला जास्त पटतं, कारण तिथून गोंडोल्याने वर जाता येतं आणि मूतिएचा रस्ता पूर्ण टळतो. जिनिव्हाहून अंतर वाढतं, म्हणून आदल्या रात्री खोऱ्यातच मुक्काम.

पुढच्या हंगामात यायचं ठरलं तर सोमवार ते गुरुवारमधला दिवस आणि फ्रेंच शाळांच्या फेब्रुवारीतल्या सुट्ट्या सोडून तारीख कळवा. चौघांपैकी कुणाकडे स्वतःचा बीकन आहे आणि कुणाला भाड्याने हवा, तेही सोबत लिहा. मागच्या वेळी हे आदल्या रात्री दहाला कळलं होतं.

— संचालिका, जिनिव्हा