बक्षिसाच्या रकमेआधीचा प्रश्न

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि पुढच्या काही महिन्यांतच महाराष्ट्रातली चर्चा बक्षिसाच्या रकमेवर येऊन ठेपली : आपले राज्य दोन कोटी देते, हरियाणाला अधिक कसे परवडते? अमेरिकेतील आयोवा राज्यात राहून हा वाद वाचताना तो मला गैरवाजवी वाटला नाही, मात्र तो फार उशिराच्या टप्प्यावर सुरू होतो असे वाटले. कारण त्याच वर्षी आयोवात एका विद्यार्थिनीच्या खेळाभोवती जे उभे राहिले होते, त्यात सरकारी बक्षिसाचा विषयच नव्हता.

केटलिन क्लार्क ही याच राज्यात जन्मलेली आणि वाढलेली मुलगी २०२० मध्ये आयोवा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात आली आणि चार हंगामांत तिने ३,९५१ गुण केले. मार्च २०२४ मध्ये तिने पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा १९७० पासून अबाधित असलेला, महाविद्यालयीन कारकिर्दीतील ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला. (मॅराविचच्या काळी लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा नव्हती आणि त्याला तीनच हंगाम मिळाले होते, तेव्हा ही तुलना जरा जपूनच करावी.) ऑक्टोबर २०२३ मध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर भरवलेला तिच्या संघाचा एक प्रदर्शनी सामना पाहायला ५५,६४६ माणसे आली होती. एवढे होऊनही तिच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद एकदाही मिळाले नाही. २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन अंतिम सामने तो हरला. तरीही त्यांपैकी दुसरा सामना दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची संख्या त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक होती. केवळ पदके आणि विजेतेपदे मोजणाऱ्या आपल्या बक्षीस योजनेत या चार वर्षांची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती?

ही गर्दी एका खेळाडूने एकटीने जमवलेली नाही. आयोवात मुलींची बास्केटबॉलची राज्य स्पर्धा १९२० पासून होत आली आहे आणि प्रत्येक बाजूला सहा खेळाडूंचा, चेंडूला दोनहून अधिक टप्पे देण्यास मनाई असलेला इथला खास खेळ १९९३ पर्यंत टिकला. लहान गावे आपल्या मुलींचे सामने पाहायला लोटत. पुढे १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी घातली, त्यामुळे विद्यापीठांना मुलींच्या संघांवर खर्च करणे भाग पडले. तरी अमेरिकेचे गोडवे गाण्याचे कारण नाही : महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे घेण्याची मुभा २०२१ पर्यंत नव्हती आणि व्यावसायिक लीगमध्ये क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार जेमतेम ७६,५३५ डॉलर होता.

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. यांवर टीका करणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण नोकरीची आशा नसेल तर पुष्कळ घरांत मुलीला मैदानावर जाऊच दिले जाणार नाही. कुसाळेलाही आधार मिळाला तो रेल्वेतील नोकरीचा. परंतु या दोन्ही सोयी खेळाची भरपाई खेळाबाहेर करतात. भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची आहे, पण तिचा सामना तिकीट काढून पाहिलेला पुणेकर मला अजून भेटायचा आहे. प्रेक्षक नाहीत असे मात्र म्हणता येत नाही, कारण कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहायला लोक स्वतःहून जातात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा तासिकांच्या वेळेत, खेळाडू आणि पंच यांच्यापुरत्याच उरकल्या जातात. या स्पर्धा संध्याकाळच्या वेळी, यजमान महाविद्यालयाच्या मैदानावर आणि आगाऊ जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार भरवायला कोटींची तरतूद लागत नाही, आणि विद्यापीठांना हा निर्णय राज्य सरकारची वाट न पाहता घेता येईल.