खोडावरचे ते चट्टे रोग नाहीयेत, कृपया खरवडू नका

हिवाळा आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. झाडाच्या खोडाचा फोटो, त्यावर लाल गोल, आणि खाली लिहिलेलं की करडे-हिरवट चट्टे म्हणजे बुरशीचा रोग, ते झाडाचा रस शोषतात, फांद्या मारतात, ब्रशने खरवडून काढा. शेवटी एक ओळ अशी की चट्टे पिवळे असतील तर काळजी नको, हवा एकदम शुद्ध आहे. यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

रस शोषण्याचं आधी बघू. ते लायकेन आहे, आपण दगडफूल म्हणतो त्याच जातकुळीतलं. त्यात बुरशी असते हे खरं, पण तिच्या सोबतीला शैवाल किंवा सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू) असतात आणि उन्हावर अन्न तेच बनवतात. श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने ही जोडी १८६०च्या दशकातच ओळखली होती. लायकेनला मुळं नसतात, पाणी पावसातून, धुक्यातून मिळतं, झाड म्हणजे त्याला फक्त बसायला जागा. त्यातली कितीतरी दगडावर पण तितक्याच मजेत वाढतात, आणि दगडात रस नसतो.

फांद्या मारतात म्हणे. उलटं आहे हो. फांदी आधी वाळते, पानं जातात, ऊन मिळतं, मग लायकेन पसरतं. पानासारखी पसरणारी जातसुद्धा वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते, त्यामुळे तळहाताएवढा चट्टा दिसला तर तो कित्येक वर्षं तिथेच आहे आणि झाड पण तेवढी वर्षं उभं आहे.

आता ते शुद्ध हवेचं, कारण इथे लोक हमखास फसतात. पिवळं-नारिंगी, मधे बारीक नारिंगी वाट्या असलेलं जे दिसतं ते युरोपासारख्या थंड भागात बहुतेक वेळा झँथोरिया पॅरिएटिना नावाचं लायकेन, आणि त्याला नायट्रोजन मानवतो, म्हणजे अमोनिया जास्त असलेल्या हवेत ते उलट फोफावतं. सावलीत तेच हिरवट-करडं दिसतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, वाट्या शोधा. शहरात लायकेन कमी होतात हे न्यूलँडर नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसच्या बागेत नोंदवलं होतं, पण कोणती जात आहे ते बघितल्याशिवाय काही कळत नाही. प्रदूषणातला सल्फर डायऑक्साइड वायू सहन न होणारी जात म्हणजे दाढीसारखी लोंबणारी उस्निया. तिचा धागा ओला करून हळूच ताणला की वरची साल तुटते आणि आत पांढरी, रबरासारखी ताणणारी दोरी दिसते, एकदा बघितली की विसरत नाही. पट्ट्यांसारखं लोंबत असेल तर पट्टी उलटी करा, खालून पांढरी असेल तर एव्हर्निया, दोन्हीकडून सारखीच हिरवट असेल तर रामालिना.

आणि खरवडणं तर अजिबात नको. लायकेनने सालीला इजा होत नाही, ब्रशने होते, आणि खरा रोग शिरतो तो त्या जखमेतून. जवळून बघायचंच असेल तर पानं गळलेल्या झाडांखाली वाऱ्याने पडलेल्या काड्या उचला, एकेका काडीवर तीन-चार जाती सापडतात, सोबत दहापट भिंग असलं की झालं.