निळ्या जोडीला काळं पिल्लू झालं, म्हणून जात बिघडली का?

कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये पिसांच्या रंगाबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नर-मादीचे रंग मिसळून पिल्लांना मधला रंग येतो. हवा तो रंग टिकवायचा तर त्याच रंगाच्या कोंबडीला त्याच रंगाचा कोंबडा लावा. रंग मुळात कोंबड्याकडून येतो. पांढरी कोंबडी म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर कुठलाही रंग चढतो. आणि एवढं करूनही वेगळ्या रंगाचं पिल्लू निघालं तर जात भेसळीची आहे, ते पिल्लू काढून टाका.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. या समजुतीपायी चांगले पक्षी जातात. मीही घालवले आहेत. पहिल्यांदा निळी जोडी आणली तेव्हा अकरा पिल्लं निघाली. त्यात सहा निळी, तीन काळी आणि दोन मळकट पांढरी, अंगावर राखी शिंतोडे असलेली. जोडी देणाऱ्याने फसवलं असं मला वाटलं आणि काळ्या तलंगा मी देऊन टाकल्या. माणूस खरा होता आणि जोडीही खरी होती, हे कळायला वर्ष गेलं.

म्हणून आधी निळ्याचंच बोलू. पिसांत रंगद्रव्यं दोनच: काळं युमेलॅनिन आणि तांबूस फिओमेलॅनिन. कोंबडीतलं निळं म्हणजे खरं तर राखी, काळ्याचाच फिका झालेला रंग. तो फिका करणाऱ्या जनुकाची एक प्रत असेल तर पक्षी निळा, दोन असतील तर शिंतोड्यांचा, म्हणजे स्प्लॅश, आणि एकही नसेल तर काळा. निळ्या पक्ष्याकडे एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या निम्म्या पिल्लांना ती मिळते आणि निम्म्यांना मिळत नाही. निळ्याला निळी लावली की सरासरी पाव पिल्लं काळी, अर्धी निळी, पाव स्प्लॅश. निळा रंग असा कितीही पिढ्या जोडला तरी शुद्ध होत नाही. सगळीच्या सगळी पिल्लं निळी हवी असतील तर काळ्याला स्प्लॅश लावायचा. मजकुरातल्या सल्ल्याच्या हे नेमकं उलट आहे.

रंग मिसळतात हा दावाही इथेच कोसळतो. काळा आणि स्प्लॅश यांची पिल्लं निळी, म्हणजे मधलीच दिसतात, हे कबूल. पण रंग खरोखर मिसळले असते तर त्या निळ्यांतून पुन्हा काळं आणि पुन्हा स्प्लॅश निघालंच नसतं. जनुकं जशी आली तशीच अखंड पुढे जातात. इंग्रज जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं, ते कोंबड्यांवरच्या प्रयोगांतूनच.

मग ‘निळ्याला निळीच’ हा सल्ला आला कुठून? माझा अंदाज, लॅव्हेंडर नावाच्या रंगावरून. तोही राखीच दिसतो, पण त्याचं जनुक वेगळं आणि अप्रभावी आहे, म्हणजे दोन प्रती असतील तरच रंग दिसतो. लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावला तर सगळी पिल्लं लॅव्हेंडरच निघतात. पीस हातात घेऊन उजेडात धरलं की फरक कळतो. लॅव्हेंडरचं पीस टोकापासून मुळापर्यंत एकसारखं फिकं असतं. निळ्याच्या पिसाला बहुधा गडद कड असते आणि निळ्या कोंबड्याची मान अंगापेक्षा काळपट असते.

आता पांढऱ्याची कोरी पाटी. पांढरं दिसण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. एक प्रभावी पांढरा, म्हणजे एका प्रतीनेही दिसणारा, पांढऱ्या लेगहॉर्न जातीत असतो तो. पीएमईएल17 या जनुकातल्या बदलामुळे तो येतो, हे 2004 मध्ये दाखवलं गेलं. हा काळं दाबतो, पण तांबडं फारसं दाबत नाही. दुसरा अप्रभावी पांढरा, पांढऱ्या सिल्की जातीत असतो तो. त्यात रंगद्रव्य बनवायला लागणाऱ्या टायरोसिनेज या विकराचं (एन्झाइमचं) जनुक बिघडलेलं असतं आणि पिसांत रंगच उतरत नाही. तिसरं सिल्व्हर जनुक. ते तांबड्याचं पांढरं करतं आणि काळ्याला हात लावत नाही. लाइट ससेक्स जातीचं पांढरं अंग आणि काळी मान ही त्याचीच करामत.

शेजारी उभे केलेले दोन पांढरे कोंबडे तुम्हाला ओळखू येणार नाहीत. पण दोघांना काळ्या कोंबड्या लावून बघा. शुद्ध प्रभावी पांढऱ्याची पिल्लं पांढरी निघतील, कुठेकुठे काळे ठिपके असलेली. अप्रभावी पांढऱ्याची बहुधा सगळी रंगीत. याहून गंमत म्हणजे या दोन प्रकारच्या पांढऱ्यांची एकमेकांशी जोडी लावली तर पहिली पिढी पांढरी निघते आणि तिच्या आपसातल्या पिल्लांत सोळापैकी तीन रंगीत निघू शकतात. आजी-आजोबा चौघेही पांढरे आणि नातवंड रंगीत! आणि तो रंगही पूर्वजांकडूनच आलेला, कारण पांढऱ्याखाली पट्टे, निळेपणा, काहीही दडलेलं असू शकतं.

‘रंग कोंबड्याकडून येतो’ यात तथ्याचा एक तुकडा आहे, म्हणून ते लोकांना पटतं. बहुतेक रंगजनुकं आई-वडील दोघांकडून सारखीच येतात. पण काही जनुकं नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतात, पट्ट्यांचं आणि सिल्व्हरचं त्यातलंच. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. त्यामुळे मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतं. पट्टेरी कोंबडीला काळा कोंबडा लावला तर तिचे पट्टे फक्त मुलांकडे जातात आणि मुली बिनपट्ट्याच्या काळ्या होतात. अंडं फुटल्या दिवशीच हे दिसतं: काळ्या लवीच्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असेल तर नर, नसेल तर मादी. हीच जोडी उलटी करा, शुद्ध पट्टेरी कोंबडा आणि काळी कोंबडी, तर सगळी पिल्लं पट्टेरी होतात आणि ही ओळख संपते. शुद्ध पट्टेरी जातीत कोंबडा कोंबडीपेक्षा फिका दिसतो तोही याचमुळे, त्याच्याकडे पट्ट्यांच्या दोन प्रती असतात. तो कमअस्सल नसतो.

राहिला भेसळीचा आरोप. दोन काळ्यांच्या पोटी लॅव्हेंडर पिल्लू निघालं तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की दोघांकडेही ते अप्रभावी जनुक एकेक होतं. ते कित्येक पिढ्या लपून राहू शकतं. ते नको असेल तर संशयित काळा पक्षी लॅव्हेंडरशी जोडून बघा. एक जरी लॅव्हेंडर पिल्लू निघालं तर त्या काळ्याकडे ते जनुक आहे हे नक्की. सलग सात पिल्लं काळी निघाली, तर जनुक असूनही ते हुकल्याची शक्यता 128 मध्ये एक. पायात कडं घालायचं, कुठलं अंडं कुणाचं हे लिहून ठेवायचं, एवढाच खटाटोप.

याच मजकुराच्या शेपटीला कुणीतरी खाद्याने रंग बदलण्याचे उपाय जोडले आहेत. खाद्याने बलक आणि पिवळे पाय गडद होतात. तांब्याची कमतरता असली तर पिसं फिकी पडू शकतात. पण पिल्लांकडे जाणारं जनुक खाद्याने बदलत नाही.

आणि कृपा करून आठवड्याभराच्या पिल्लावरून निकाल देऊ नका. गडद काळ्या जातीच्या पिल्लांचं पोट आणि पंखांची टोकं सुरुवातीला पांढरट असतात, ती पिसं पुढे गळून जागी काळी येतात. माझ्याकडच्या सगळ्यात काळ्याभोर कोंबडीच्या पंखांची टोकं पाचव्या आठवड्यापर्यंत पांढरी होती.