चांद्याला कोण जातं?

आमच्या बँकेत बढती दोन पानांची येते. पहिल्या पानावर अभिनंदन असतं आणि दुसऱ्या पानावर गावाचं नाव. पहिलं पान लगेच सगळ्यांना दाखवायचं आणि दुसरं आधी खाली बसून वाचायचं, असा जुन्या लोकांचा शिरस्ता आहे. माझ्या दुसऱ्या पानावर चंद्रपूर होतं, म्हणजे जुनं चांदा. होकार की नकार ते आठवडाभरात कळवायचं. नकार दिला तर डोंबिवलीतच, आहे त्याच खुर्चीत बसायचं आणि पुढची काही वर्षं बढतीचं नाव काढायचं नाही.

आमचे हेड कॅशियर पलीकडून आले, पत्रावरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, वरती कुणाशी वाजलं का?"

कुणाशीच वाजलं नव्हतं. पण चंद्रपूरला माणूस आपल्या पायाने जात नाही, त्याला पाठवतात, अशी मुंबईकडच्या नोकरदारांची पक्की समजूत आहे. पुढाऱ्यांच्या भाषणात चांद्यापासून बांद्यापर्यंतची जनता पेटून उठते, तेवढाच आमचा चांद्याशी संबंध. बांद्याशी निदान गोव्याला जातायेता चहापुरती ओळख होते. चांद्यावरून कुठेच जाता येत नाही, असं आम्हाला वाटतं. तेलंगणावाल्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील, पण त्यांना विचारतो कोण!

त्या संध्याकाळी नातेवाइकांचा फोनवर दरबार भरला. चंद्रपूरला कुणीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे मतं ठाम होती. आत्याने पुरावा म्हणून नागपूरचं एक जुनं लग्न काढलं. मे महिना, दुपारचा मुहूर्त आणि अक्षता टाकतानाच तिला आलेली घेरी. "नागपूरला ही गत, तर चांदा त्याच्याही पुढे दीडशे किलोमीटर," ती म्हणाली. नागपूर सोडलं की दर मैलाला एकेक अंश चढत जातो, असा तिचा हिशोब असावा. निष्कर्ष मात्र अगदीच खोटा म्हणता येत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला सहज जातो, अठ्ठेचाळीसलाही टेकून आलेला आहे. जगातल्या सगळ्यांत तापलेल्या शहरांच्या याद्या त्या दिवसांत पेपरात येतात, त्यात चंद्रपूर वरच्या नंबरात दिसतं.

मोठ्या काकांचा आक्षेप निराळाच. "तिकडे दारूबंदी आहे ना?" म्हणाले. बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठलीसुद्धा, असं मी सांगितलं. "मग वातावरण बिघडलं असणार," काका म्हणाले. काकांनी आयुष्यात कोकम सरबतापलीकडे काही घेतलेलं नाही. पण एक आक्षेप हातातून गेला की माणूस रिकामा कसा बसणार? पुतणीने विचारलं, "काकू, तिथे दिवाळीच्या पहाटे आपल्या डोंबिवलीच्या फडके रोडसारखं काही असतं का गं?" नाही म्हटल्यावर तिने माझ्यासाठी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवला.

सासूबाईंचा मुद्दा होता वाघ. ताडोबा हे १९५५ साली झालेलं, राज्यातलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान. ते चंद्रपूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे आठवीतल्या चिरंजीवांनी उत्साहाने सांगून टाकलं होतं. "आणि आजी, वाघ कधीकधी वीज केंद्राच्या आवारातपण येतात!" झालं. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे वाघ जिन्यात आला. "तो मेला दारात बसला तर दूधवाला वर कसा यायचा?" वाघ दारात असताना घरातल्यांचं काय होईल याची काळजी त्यांना शिवली नाही, दूध मात्र वेळेवर यायला हवं. वाघाचं तिकडे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, हे मला ठाऊक आहे. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे जंगलात जाणारी माणसं त्या जिल्ह्यात दरवर्षी जिवाला मुकतात, आणि आमच्याकडच्या पेपरात ते आतल्या पानावर चार ओळींत येतं. पण वरच्या मजल्यावर राहायला जाणाऱ्या बँक अधिकाऱ्याने त्या भीतीत आपला वाटा मागणं जरा जास्तच होतं.

नवरा या सगळ्यात शांत होता. तो भावनेने बोलत नाही, आकडे काढतो. रात्री जेवणं झाल्यावर तो चष्मा लावून बसला आणि त्याने प्रदूषणाची यादी काढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते. जास्त गुण म्हणजे जास्त घाण. त्रेचाळीस ठिकाणं गंभीर ठरली आणि त्यात चंद्रपूर चौथं, ८३.८८ गुण. "चौथं!" तो म्हणाला. "अख्ख्या देशात! पोराची फुप्फुसं आहेत, खेळ नाहीये." मी भांडी आवरत होते. चिरंजीव मात्र बापाच्या खांद्यावरून वाकून यादी खाली सरकवत होते. "बाबा, चौदावं बघा."

चौदावं डोंबिवली होतं. ७८.४१.

घरात थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज होता. मग नवरा म्हणाला, "साडेपाच गुणांचा फरक आहे, तो काही कमी नाही." यादी जुनी आहे, आता पुष्कळ सुधारणा झाली असेल, असंही तो म्हणाला. डोंबिवलीच्या बाबतीत, अर्थात.

डोंबिवलीकराचं हे मला फार आवडतं. २०१४च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता. लोक बाल्कनीत येऊन बोट लावून बघत होते. २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला, खराखुरा गुलाबी, मुख्यमंत्री तो बघायला स्वतः आले. संध्याकाळी वारा एमआयडीसीकडून सुटला की आमच्या सोसायटीत खिडक्या पटापट लागतात आणि कुणी त्याविषयी चकार शब्द काढत नाही, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवतात. सकाळची सात-काहीची फास्ट लोकल पकडणाऱ्याला बरगड्या किती आहेत ते रोज नव्याने कळतं. तरी डोंबिवलीकराला विचारा, तो सांगेल, "आमच्याकडे सगळं आहे. सांस्कृतिक वातावरण आहे." आहेच. मीही तेच सांगते. त्या आठवड्यात मी ते फार वेळा सांगितलं, आणि दर वेळी पुढचं वाक्य "तुमच्या चांद्यात काय आहे?" असं येई. चांदा अजून माझा झाला नव्हता तरी त्याची बाजू मला घ्यावी लागत होती.

शेवटी मी एका घरमालकांना फोन लावला. आमच्या तिथल्या शाखेतल्या शिपायाने नंबर दिला होता. वेकोलितून, म्हणजे तिकडच्या सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, शहरातल्या तुकूम भागात घर, वरचा मजला रिकामा.

"गरमी आहे म्हणतात," मी म्हटलं.

"आहे न मॅडम. गरमी तं आहेच. पण कोरडी आहे. घाम नाई येत. येते अन् सुकून जाते, तुमाले पत्ताच लागत नाई."

"आणि वाघ?"

"वाघ शहरात थोडी येते! दुर्गापूरकडे येते कधीमधी."

"दुर्गापूर तुकूमपासून किती लांब?"

"लागूनच आहे."

मी गप्प. त्यांनाच माझी दया आली असावी. "तुम्ही वाघाचं टेन्शन नका घेऊ मॅडम," ते म्हणाले. "वाघ समजदार राह्यते. अस्वलाचं पाहा."

अस्वल हा मुद्दा दरबारात कुणीच काढलेला नव्हता. मी तो घरी सांगितला नाही.

साहेबांकडून थोडी मुदत वाढवून घेतली आणि आम्ही तिघं बघायलाच गेलो. एप्रिल होता. दुपारी दीडच्या सुमाराला चंद्रपूर स्टेशनवर उतरलो, आणि आत्याला नागपूरला घेरी का आली ते गाडीचा दांडा धरतानाच कळलं. रस्ते मोकळे, दुकानांची शटरं अर्ध्यावर. स्कूटरवरून जाणाऱ्या बायकामुली डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून, डोळ्यांवर काळा गॉगल आणि हातात कोपरापर्यंत मोजे, अशा सगळ्या दरोडा घालायला निघाल्यासारख्या. बँकेची नोकरी असल्याने ते दृश्य मला जरा जास्तच लागलं.

घरमालकांचं घर मात्र थंड होतं. खिडकीत भलामोठा कूलर, त्याला वाळ्याच्या ताट्या, पुढ्यात पन्हं. आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढी त्यांची गच्ची, आणि भाडं ऐकून नवऱ्याने "महिन्याचं?" असं विचारून आपली शोभा करून घेतली. गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. कठड्यावरून मी बोट फिरवलं, ते काळं झालं. मालकांनी ते पाहिलं आणि लपवालपवी केली नाही. "पाहा मॅडम, कोळसा आमचा, राख आमची, धूर आमचा. लाइट तुमची." त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, महानिर्मितीचं राज्यातलं सगळ्यांत मोठं औष्णिक केंद्र. यावर आमच्या बेडरूममधल्या एसीच्या वतीने काय बोलावं ते मला सुचलं नाही. पन्हं प्यायले.

ऊन उतरल्यावर ते आम्हाला जुन्या शहरात घेऊन गेले. गोंड राजांचा परकोट अजून शहराभोवती उभा आहे, आणि जटपुरा गेटच्या दगडी कमानीखालून संध्याकाळची सगळी वाहतूक एकमेकांना शिव्या देत जाते. ते बघून मला फार बरं वाटलं, डोंबिवलीच्या पुलाची आठवण झाली. हे शहर कसं वसलं ते मालकांनी कोटावर उभं राहून सांगितलं. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह, राजधानी बल्लारपूर, अंगभर गळवं. शिकारीला निघालेला असताना तहान लागली म्हणून झरपट नदीचं पाणी प्याला, हातपाय धुतले आणि बरा झाला. पुढे तिथेच त्याला एक ससा दिसला. ससा पळत होता आणि कुत्रा मागे होता असं नव्हे. पळत होता तो राजाचा कुत्रा, आणि ससा त्याच्या मागे. राणी म्हणाली, ही जागा साधी नाही, इथे शहर वसवा. ससा जिथून जिथून धावला तिथून कोट बांधला.

म्हणजे जे शहर राजाची तब्येत सुधारली म्हणून वसलं, तिथे जायचं तर तब्येत बिघडेल म्हणून माझ्या घरात आठवडाभर खल चालला होता. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ती दंतकथा आहे, यादी नाही." चिरंजीवांचा मात्र त्या सशाशी घरोबा जुळला होता. त्यांना तो कोट पूर्ण चालून बघायचा होता. गेली काही वर्षं इथल्या तरुणांनी श्रमदानाने त्यावरची झाडंझुडपं काढली आहेत, त्यामुळे बऱ्याच भागावरून चालता येतं. थोडा चाललो. मग तर्री पोहे खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी काढत परत आलो.

रात्री मालकीणबाईंनी जेवायला थांबवून घेतलं. गोळाभात होता, त्यावर कडकडीत तेल. मी दुसऱ्यांदा वाढून घेत असताना त्यांनी विचारलं, "तुम्ही मुंबईले कुठं राह्यता?"

"डोंबिवलीला."

त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी ताटाकडे. "थेच न," त्या म्हणाल्या, "जिथं लोकं गाडीच्या दारात लटकून जातेत?"

"तसे सगळेच नाही लटकत."

"अन् रस्ता गुलाबी झाल्ता म्हणे तुमचा. टीव्हीवर पाह्यला होता आम्ही. माय वं!" त्यांनी माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "अन् अशात लेकराले शाळेत धाडता? काहून राह्यता तिथं?"

माझा नवरा, जो आठवडाभर यादी घेऊन हिंडत होता, ताठ होऊन बसला. "आमच्याकडे तसं सगळं आहे," तो म्हणाला. "सांस्कृतिक वातावरण आहे."

"ते तं इथंबी आहे," मालक म्हणाले. "दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं लागतेत. रात्रभर चालते नाटक, हजारो लोकं राह्यते. तुमच्याकडचं नाटक किती वाजता संपते?"

साडेअकराला संपतं, कारण शेवटची लोकल पकडायची असते. हे नवऱ्याने सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. पोरगं झोपलं होतं, त्याच्या वहीत सशाचं चित्र होतं, कुत्रा पुढे. कल्याण यायच्या आधी नवरा म्हणाला, "माझं काम तर काय, लॅपटॉपवरच आहे." त्याच्या तोंडून होकार यापेक्षा स्पष्ट येत नाही.

सोमवारी मी होकार लिहून दिला. सोबत एक नम्र विनंती जोडली, की मुलाच्या शाळेच्या दृष्टीने जूनअखेर, पावसाला सुरुवात झाल्यावर रुजू होऊ द्यावं. पावसाचा आणि शाळेचा संबंध काय, असं कुणी विचारेल म्हणून त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. चार दिवसांत उत्तर आलं, एकाच पानाचं: आपली विनंती मान्य करता येत नाही, २५ मे रोजी रुजू व्हावे.

मालकांना फोन करून तारीख सांगितली. ते एकदम खूश झाले.

"पंचवीस म्हणजे तं नवतपाचा पहिला दिवस मॅडम! नऊ दिवस खरी गरमी राह्यते आमच्याकडे. एप्रिलमधी तुम्ही आल्या तेव्हा तं काहीच नव्हती."